विरळ हवेतील वाट: अतिउंचीवरील ट्रेक सुरक्षितपणे कसा करावा

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी नोंदीत, पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटेवरील दोन डोंगरांची नावे ‘मोठी डोकेदुखी’ आणि ‘लहान डोकेदुखी’ अशी दिली आहेत. तिथे माणसांचे अंग तापते, चेहऱ्याचा रंग उडतो, डोके दुखते, उलट्या होतात आणि सोबतच्या गाढवा-गुरांचीही तीच गत होते, असे लिहिणाऱ्याने नमूद केले आहे. असे का होते, हे त्या प्रवाशांना ठाऊक नव्हते. आज कारण ठाऊक आहे, लक्षणे ठाऊक आहेत आणि उपायही ठाऊक आहेत. तरीही अतिउंचीच्या आजाराने ट्रेकर दगावतात. या घटनांकडे नीट पाहिले, तर अज्ञानापेक्षा घाई अधिक वेळा दोषी ठरते. रजा ठरावीक दिवसांची असते, परतीचे तिकीट काढलेले असते, गट पुढे निघालेला असतो, आणि डोके दुखत असतानाही माणूस चढत राहतो. म्हणूनच या लेखात बूट आणि जॅकेट यांच्याआधी वेळापत्रकाचा विचार केला आहे.

हवेत नेमके काय कमी होते

उंचावर ऑक्सिजनचे प्रमाण घटते, असे सर्रास म्हटले जाते. ते काटेकोरपणे खरे नाही. समुद्रकिनारी हवेत जितका, म्हणजे सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो, तितकाच तो शिखरावरही असतो. कमी होतो तो हवेचा दाब. सुमारे 3500 मीटर उंचीवर हा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश राहतो आणि 5500 मीटरच्या आसपास निम्म्यावर येतो. दाब कमी झाला की प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसांत शिरणारे ऑक्सिजनचे रेणू त्याच हिशेबाने कमी होतात.

शरीर यावर लगेच एक तोड काढते: श्वास जलद आणि खोल होतो. मात्र श्वास वाढला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड जास्त प्रमाणात बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. हा पेच मूत्रपिंडे सोडवतात. ती जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात आणि श्वासावरचा लगाम सैल होतो. पण या कामाला काही दिवस लागतात. तांबड्या रक्तपेशी वाढण्यास तर आठवडे लागतात, त्यामुळे आठ-दहा दिवसांच्या ट्रेकमध्ये त्यांच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. उंचीवर सरावणे म्हणजे बव्हंशी या श्वासाच्या आणि मूत्रपिंडांच्या जुळवणीला वेळ देणे होय, आणि ही जुळवणी कोणत्याही व्यायामाने आगाऊ उरकून ठेवता येत नाही.

तंदुरुस्त माणसाला उंचीचा त्रास होत नाही हा समज त्यामुळेच घातक ठरतो. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्याचे पाय आणि हृदय मजबूत असतात हे खरे, पण त्याची मूत्रपिंडे इतरांपेक्षा लवकर काम करतात असे नाही. उलट त्याला वेगाने चढता येत असल्यामुळे तो शरीर सरावण्याच्या आत वर पोहोचतो. ट्रेकपूर्वी तीन-चार महिने पाठीवर वजन घेऊन चढ-उताराचा सराव अवश्य करावा. त्याने थकवा कमी होतो, तोल सांभाळता येतो आणि गुडघे साथ देतात. उंचीच्या आजारापासून मात्र तो वाचवत नाही. कोणाला त्रास होईल याचा भरवशाचा अंदाज फक्त एकाच गोष्टीवरून बांधता येतो, तो म्हणजे त्या व्यक्तीला पूर्वी तितक्याच उंचीवर, तितक्याच वेगाने चढताना काय झाले होते.

हृदयविकार, फुप्फुसांचा जुनाट विकार, सिकल सेल आजार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गर्भारपण असल्यास अतिउंचीची माहिती असलेल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय नाव नोंदवू नये. फार लहान मुलांना आपले डोके दुखते आहे हे सांगता येत नाही. मूल चिडचिड करते, खात नाही, खेळत नाही, एवढ्यावरूनच त्रास ओळखावा लागतो. हे लक्षात घेऊनच त्यांना वर नेण्याचा निर्णय घ्यावा.

वेळापत्रक: झोपण्याची उंची मोजा

कार्यक्रमपत्रिका हातात आली की रोज किती किलोमीटर चालायचे हे आपण आधी पाहतो. त्याऐवजी प्रत्येक मुक्कामाची उंची एका कागदावर एकाखाली एक लिहून काढावी आणि लगतच्या दोन आकड्यांतील फरक मांडावा. दिवसभरात माणूस किती उंच जाऊन आला, यापेक्षा तो रात्री किती उंचीवर झोपला याला अधिक महत्त्व आहे.

अतिउंचीच्या वैद्यकशास्त्रात सर्वमान्य झालेला नियम असा की, सखल प्रदेशातून आलेल्या माणसाने पहिल्याच रात्री 2800 मीटरहून अधिक उंचीवर झोपणे शक्यतो टाळावे. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस उंची न वाढवता त्याच मुक्कामी राहावे. या थांबण्याच्या दिवशी तंबूत लोळत पडण्यापेक्षा जवळच्या उतारावर दोन-तीनशे मीटर चढून यावे आणि झोपायला पुन्हा खाली परतावे. एखाद्या टप्प्यावर भूप्रदेशच असा असतो की 500 मीटरची मर्यादा पाळता येत नाही. 700 मीटर चढल्याखेरीज तंबू लावण्याजोगी जागा मिळत नाही. अशा वेळी त्याच्या आधी किंवा नंतर एक जादा मुक्काम घालून सरासरी सावरावी.

विमानाने किंवा मोटारीने थेट तीन-साडेतीन हजार मीटरवर उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस वर चढण्याचे नाव काढू नये. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बहुधा काहीच जाणवत नाही आणि इथेच फसगत होते, कारण आजाराची लक्षणे साधारणपणे सहा ते बारा तासांनी डोके वर काढतात. एव्हरेस्टच्या वाटेवरील फेरिचे या सुमारे 4240 मीटर उंचीवरील गावी 278 ट्रेकरांची तपासणी झाली होती. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक, म्हणजे 53 टक्के लोकांना उंचीचा त्रास झाला होता. लुक्लापर्यंत विमानाने आलेल्यांत हे प्रमाण पायी आलेल्यांपेक्षा जास्त होते. किलिमांजारोची (5895 मीटर) पाच दिवसांची चढाई अनेकांना का झेपत नाही, याचे उत्तरही याच हिशेबात सापडते.

याखेरीज वेळापत्रकात किमान एक, आणि आठवड्याहून मोठ्या ट्रेकमध्ये दोन दिवस कोणतेही काम न नेमता मोकळे ठेवावेत. माझ्या मते पाठीवरच्या कोणत्याही महागड्या वस्तूपेक्षा हा मोकळा दिवस अधिक उपयोगी पडतो, कारण तो नसला की प्रत्येक डोकेदुखी ‘किरकोळ’ ठरवली जाते. कंपनीमार्फत जात असाल, तर पैसे भरण्यापूर्वीच काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: एखादा सदस्य आजारी पडल्यास त्याच्यासोबत खाली कोण उतरणार, त्यानंतर गटाजवळ पुरेसे वाटाडे उरतील का, सोबत ऑक्सिजन सिलिंडर आहे का आणि तो कोणाला चालवता येतो. या प्रश्नांना हसून उडवून लावणाऱ्यांबरोबर जाऊ नये.

तीन आजार आणि त्यांची ओळख

उंचीचा साधा आजार डोकेदुखीने सुरू होतो. तिच्या जोडीला मळमळ किंवा उलटी, अन्नावरची वासना उडणे, गळून गेल्यासारखे वाटणे आणि भोवळ यांपैकी एखादे लक्षण असते. ज्याने दारू प्यायलेली नाही त्याला ती उतरतानाचा त्रास व्हावा, असेच काहीसे हे वाटते. उन्हाने, पाणी कमी प्यायल्याने किंवा थकव्यानेही डोके दुखू शकते. पण 2500 मीटरच्या वर दुसरे कारण निर्विवादपणे सिद्ध होत नाही तोवर प्रत्येक त्रास उंचीचाच धरून चालावे. डोकेदुखीवर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घेण्यास हरकत नाही. त्या मुक्कामी थांबून विश्रांती घेतली, तर साधा आजार बहुतेकांना एक-दोन दिवसांत सोडतो. लक्षणे असेपर्यंत एक मीटरही वर चढायचे नाही, आणि थांबूनही ती वाढत असतील तर खाली उतरायचे. हे दोन नियम कोणत्याही सबबीखाली मोडू नयेत.

मेंदूला सूज येणे हा याच आजाराचा पुढचा आणि जीवघेणा टप्पा आहे. माणूस झोकांड्या देऊ लागतो, बुटाची नाडी बांधताना गोंधळतो, विसंगत बोलतो, विनाकारण चिडतो किंवा गप्प होऊन तंबूच्या कोपऱ्यात पडून राहतो. सोबत्यांना वाटते की तो दमला आहे, त्याला झोपू द्यावे. त्याऐवजी त्याला उठवून सपाट जमिनीवर, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या चवड्याला टेकवत सरळ रेषेत दहा-बारा पावले चालायला सांगावे. ज्याला त्रास नाही अशा सोबत्यानेही शेजारी तीच चाचणी द्यावी, म्हणजे तुलना करता येते. रुग्णाचा तोल जात असेल तर रात्र असली तरी, पाऊस असला तरी, उतरण्याची तयारी त्याच क्षणी सुरू करावी; दुर्लक्ष झाल्यास चोवीस तासांत रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो.

फुप्फुसांत पाणी भरणे हा तिसरा आजार सर्वांत फसवा आहे, कारण तो डोकेदुखीविनाही येतो. उंचीच्या आजारांमुळे होणारे मृत्यू सर्वाधिक याच्यामुळे होतात. नव्या उंचीवर पोहोचल्यानंतर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, बहुतेकदा रात्री, तो बळावतो. सुरुवातीला गटाबरोबर सहज चालणारा माणूस एकाएकी मागे पडू लागतो; चढावर धाप सगळ्यांनाच लागते, पण याची धाप बसल्यावरही ओसरत नाही. कोरडा खोकला येतो, ओठ आणि नखे निळसर होतात, आडवे पडणे नकोसे होते, छातीत खरखर ऐकू येते आणि शेवटी फेसाळ, कधी गुलाबी कफ पडतो. पाचव्या शतकाच्या आरंभी भारताच्या वाटेवर असलेल्या फाहियान या चिनी भिक्षूचा एक सोबती बर्फाळ डोंगरात तोंडातून पांढरा फेस येऊन मरण पावला, अशी नोंद आहे. तो हाच आजार असावा असे काही अभ्यासकांना वाटते. विसाव्या शतकातही कित्येक वर्षे डॉक्टर याला न्यूमोनियाच समजत. 1960 साली अमेरिकन डॉक्टर आणि गिर्यारोहक चार्ल्स ह्यूस्टन यांनी तो उंचीमुळे होणारा वेगळा विकार असल्याचे मांडले. ‘जरा छातीत सर्दी झाली आहे’ हे वाक्य 4000 मीटरवर कोणी उच्चारले, तर त्या माणसाचा बसल्या जागचा श्वास मोजावा आणि तो जलद असल्यास उतरण्याची तयारी करावी.

उतरणे म्हणजे नक्की किती? लक्षणे कमी होईपर्यंत. बहुतेकांना 300 ते 1000 मीटर उतरल्यावर फरक जाणवतो. रुग्णाला एकट्याने कधीही खाली पाठवू नये आणि फुप्फुसांत पाणी झालेल्याला शक्यतो उचलून न्यावे, कारण श्रमाने आणि थंडीने तो विकार वाढतो.

सर्व सदस्यांनी रोज संध्याकाळी जेवणाआधी एकमेकांना चार प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: डोके दुखते का, अन्न जाते का, चक्कर येते का, नेहमीपेक्षा जास्त गळाल्यासारखे वाटते का. पहिल्या दिवसापासून ही रीत पाडली, तर उत्तर देण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. लपवणाऱ्यांत गटातला सर्वांत अनुभवी माणूसही असू शकतो, म्हणून म्होरक्यालाही हे प्रश्न सुटता कामा नयेत.

रात्रीच्या एका गोष्टीने मात्र घाबरू नये. झोपेत श्वास जलद होतो, मग काही सेकंद थांबतो आणि पुन्हा मोठ्या उसाशाने सुरू होतो. शेजारी झोपलेल्याचा थरकाप उडतो. उंचीवर असा लयबद्ध श्वास बहुतेकांचा होतो आणि तो स्वतः धोक्याचे लक्षण नाही. वारंवार लघवीला उठावे लागणे हेही मूत्रपिंडे आपले काम करत असल्याची खूणच आहे. दारू आणि झोपेच्या नेहमीच्या गोळ्या मात्र श्वास मंदावतात, त्यामुळे दोन्ही वर्ज्य मानाव्यात.

गोळ्या आणि यंत्रे यांच्या मर्यादा

ट्रेकरांमध्ये ‘डायमॉक्स’ या नावाने ओळखले जाणारे अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांच्या वर सांगितलेल्या कामाला गती देते. ते लक्षणे झाकत नाही, तर सरावण्याची प्रक्रियाच लवकर घडवते, म्हणून ते घेणे म्हणजे लबाडी असे मानण्याचे कारण नाही. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा 125 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिले जाते. बोटांना मुंग्या येणे, लघवी वाढणे आणि सोड्याची पेये बेचव लागणे हे त्याचे सामान्य परिणाम होत. सल्फा औषधांची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये आणि इतरांनीही एखादी मात्रा घरीच घेऊन पाहावी. सावकाश चढण्याची सोय असेल तर बहुतेकांना त्याची गरज भासत नाही. गोळी घेतली म्हणून रोज हजार मीटर चढण्याचा परवाना मिळत नाही.

मेंदूच्या सुजेसाठी डेक्सामेथासोन आणि फुप्फुसांतील पाण्यासाठी निफेडिपिन ही औषधे वापरली जातात. त्यांची मात्रा, वेळ आणि धोके निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घेऊन तो कागद औषधांच्या पिशवीतच ठेवावा. डेक्सामेथासोनने रुग्णाला तात्पुरती इतकी तरतरी येते की तो बरा झाला असे वाटू लागते. त्या अवधीत त्याला खाली आणायचे असते, वर न्यायचे नसते. माणूस आत झोपवून हवा भरायची दाबपिशवी मोठ्या गटांकडे असते. तिच्यात रुग्णाला जणू दीड-दोन हजार मीटर खाली आणल्याचा परिणाम साधतो, पण पायपंप सतत चालवावा लागतो आणि रुग्ण बाहेर आल्यावर काही तासांत लक्षणे परतू शकतात. ही सारी साधने उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात, एवढेच त्यांचे काम आहे.

पल्स ऑक्सिमीटरविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते, कारण करोनाच्या साथीपासून 94 च्या खालचा आकडा पाहिला की आपल्या पोटात गोळा येतो. चार हजार मीटरवर पूर्ण निरोगी माणसाचा आकडाही 80 ते 90 च्या दरम्यान असू शकतो. गार बोटे, नखांवरचा रंग आणि थरथर यांमुळे तो आणखी चुकतो. बोट ऊबदार करून, पाच मिनिटे शांत बसून मोजावे आणि एकाच मुक्कामी इतरांच्या तुलनेत एखाद्याचा आकडा फारच खाली असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवावे. आकडा चांगला आहे पण माणूस झोकांड्या देतो आहे, अशा वेळी माणसाकडे पाहून निर्णय घ्यावा.

थंडी, ऊन आणि पाणी

दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. थंडीत सर्वांत वाईट वैरी म्हणजे ओले कपडे. सुती कपडा घाम शोषून ओला राहतो आणि अंगातली ऊब खेचून घेतो, त्यामुळे अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारा थर अशी रचना ठेवावी. चढताना घाम फुटण्याआधीच एक थर उतरवावा आणि थांबताक्षणी तो पुन्हा चढवावा. याचा कंटाळा करणारे लोकच दुपारी कुडकुडताना दिसतात. कोरड्या मोज्यांचा एक जोड केवळ झोपण्यासाठी राखून ठेवावा.

शरीराचे तापमान घसरू लागले की माणूस अडखळतो, पुटपुटतो, हातातल्या वस्तू पाडतो. कुडकुडणे थांबूनही माणूस उबदार न होता सुस्त होत असेल, तर ती सुधारणा नसून गंभीर अवस्था आहे. त्याचे ओले कपडे बदलावेत, वाऱ्यापासून आडोसा करावा, जमिनीपासून त्याला अलग करावे आणि अत्यंत हळुवारपणे हाताळावे. चोळू नये, जबरदस्तीने चालवू नये. हिमदंशाने बधिर आणि पांढरट झालेली बोटेही चोळायची नसतात. पुन्हा गोठण्याचा धोका नसेल तरच ती 37 ते 39 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ऊबदार करावीत, कारण वितळून पुन्हा गोठलेल्या अवयवाची हानी कितीतरी अधिक होते. ज्वाळेवर शेकू नये, कारण बधिर बोटाला भाजल्याचे कळत नाही.

थंडीपासून बचाव करताना एक चूक थेट प्राणावर बेतते: बंद तंबूत स्टोव्ह पेटवणे किंवा पेटती शेगडी ठेवून झोपणे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याच्या विषबाधेची डोकेदुखी उंचीच्या डोकेदुखीसारखीच असते. एकाच तंबूतील सर्वांचे डोके एकदम दुखू लागले, तर आधी दार उघडून बाहेर पडावे.

उन्हाचा तडाखा थंडीत लक्षात येत नाही. दर हजार मीटरला अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतील 80 टक्क्यांपर्यंत किरणे परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतही त्वचा भाजते. बर्फावर चालताना कडेनेही प्रकाश न शिरणारा चष्मा ढगाळ दिवशीसुद्धा लावावा. हिमांधत्वाची वेदना काही तासांनी, म्हणजे नेमकी रात्री सुरू होते आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते. चष्मा हरवल्यास पुठ्ठ्याला बारीक आडवी चीर पाडून तो डोळ्यांवर बांधावा.

दिवसाला साधारण तीन-चार लिटर पाणी प्यावे आणि लघवी फिकट पिवळी आहे ना, हे पाहावे. पाण्याने उंचीचा आजार टळतो हा गैरसमज आहे, आणि त्यापोटी अति पाणी ढोसल्यास रक्तातील सोडियम घटून नवेच संकट उभे राहते. चार हजार मीटरवर पाणी सुमारे 87 अंशांनाच उकळते. तरी एवढी उष्णता जंतू मारण्यास पुरेशी असते, फक्त उकळी फुटल्यावर तीन मिनिटे थांबावे. क्लोरीनच्या गोळ्या गार पाण्यात सावकाश काम करतात, म्हणून वेष्टनावर लिहिलेल्या वेळेपेक्षा अधिक वाट पाहावी.

वाट, आभाळ आणि माघारीची वेळ

खिंड ओलांडण्याच्या दिवशी पहाटेच निघावे. सकाळी बर्फ कडक असतो, वारा कमी असतो आणि ओढ्यांना पाणी कमी असते. दुपारी हिमनदी वितळू लागली की सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा मांडीपर्यंत चढतो. ओढा ओलांडताना सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पाय घसरल्यास ती झटकन टाकता येते. बूट काढून अनवाणी उतरू नये. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगवान असेल तर पहाटेपर्यंत थांबणे इष्ट.

निघण्यापूर्वी माघारीची वेळ ठरवून ती सर्वांना सांगावी. अमुक वाजेपर्यंत खिंड गाठली नाही तर असू तिथून परतायचे, हा निर्णय मुक्कामावर शांत डोक्याने घेता येतो. वर, विरळ हवेत आणि शिखर डोळ्यांसमोर असताना तो घेता येत नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये नेपाळमधील अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवर 5416 मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीच्या परिसरात ‘हुदहुद’ चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे अचानक मोठा हिमवर्षाव झाला. त्या आपत्तीत वादळात सापडून आणि हिमस्खलनांखाली 40 हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. ऐन हंगामात, रुळलेल्या वाटेवर हे घडले. दूरच्या समुद्रातील वादळही डोंगरातल्या हवामानावर परिणाम करते, म्हणून अंदाज पाहताना केवळ त्या खोऱ्याचा न पाहता विस्तीर्ण प्रदेशाचा पाहावा. दिसेनासे होण्याइतका बर्फ पडू लागल्यास वाट शोधत पुढे रेटण्यापेक्षा, वाट दिसत आहे तोवर मागे फिरावे.

हिमस्खलन 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सर्वाधिक होते, आणि ताज्या हिमवर्षावानंतरचे एक-दोन दिवस विशेष धोक्याचे असतात. असा उतार पार करणे अटळ असेल तर एका वेळी एकानेच जावे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. विजेच्या बाबतीत, लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर धार, एकाकी झाड आणि उघडे पठार सोडून खाली उतरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. अरुंद वाटेवर सामान वाहणारी जनावरे समोरून आली, तर नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहावे. दरीच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ओझ्याचा धक्का लागून अपघात होतात.

गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्यावरून ठरवावा, आणि सर्वांच्या मागे एक जाणता माणूस ठेवावा. बोलता बोलता चालता येईल इतकाच वेग योग्य. वाक्य पुरे करताना श्वास तुटत असेल तर तो वेग जास्त आहे.

मदत मागवताना

हेलिकॉप्टर हा आधार मानून योजना आखू नये, कारण ढग, वारा आणि अंधार यांपुढे त्याचे काही चालत नाही. विमा काढताना त्यात उंचीची मर्यादा किती आहे आणि हेलिकॉप्टरने सुटकेचा खर्च समाविष्ट आहे का, हे वाचून घ्यावे. कित्येक साध्या प्रवास-विम्यांत दोन्ही गोष्टी वगळलेल्या असतात. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगणे भारतासह काही देशांत गुन्हा आहे, तेव्हा आधी चौकशी करावी. घरी एका जबाबदार माणसाकडे मुक्कामांची यादी, परतीची तारीख आणि कोणत्या दिवसापर्यंत निरोप न आल्यास कोणाला कळवायचे याची नोंद ठेवावी.

संपर्काचे साधन नसल्यास आल्प्समध्ये रूढ झालेला संकेत उपयोगी पडतो: एका मिनिटात सहा वेळा शिटी किंवा प्रकाश, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच, उत्तर देणारा मिनिटाला तीन वेळा संकेत करतो. हेलिकॉप्टर दिसल्यावर दोन्ही हात तिरके वर करून उभे राहिल्यास मदत हवी आहे असा अर्थ होतो. एक हात वर आणि एक खाली ठेवल्यास मदत नको असा. टोपी, मॅट आणि सैल कपडे आधीच सॅकमध्ये कोंबून ठेवावेत, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने ते उडतात.

खाली आल्यावर रुग्णाला इतके झपाट्याने बरे वाटते की दुसऱ्या दिवशी पुन्हा वर जाण्याची भाषा सुरू होते. साध्या आजाराची सर्व लक्षणे औषधाविना पूर्णपणे गेली असतील, तर हळूहळू पुन्हा चढण्यास हरकत नाही. मेंदूची सूज किंवा फुप्फुसांतील पाणी यांतून सावरलेल्याने मात्र त्या ट्रेकमध्ये पुन्हा वर जाऊ नये, डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि पुढच्या वेळी नाव नोंदवताना हा प्रसंग कोणत्या उंचीवर आणि चढाईच्या कितव्या दिवशी घडला, ते लिहून द्यावे.